टाकाऊ तेलाचं बायोडिझेल बिघडतं ते रिॲक्टरच्या आधी, पिंपातच

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शेतमालाच्या टाकाऊ तेलापासून बायोडिझेल कसं करता येईल यावरचा तुमच्या पेपरातला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. लेख तळमळीने लिहिलाय, वाया जाणाऱ्या मालाचं काहीतरी व्हावं ही इच्छा त्यात दिसते, त्याबद्दल लेखकाचं मनापासून कौतुक. पण त्यात एक वाक्य असं आहे की कुठलंही टाकाऊ तेल घ्या, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा टाका, गरम करून ढवळा, की वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन. हे वाक्य ताज्या रिफाइंड तेलाला लागू पडतं, टाकाऊ तेलाला नाही, आणि नेमकं त्याच्यावर विसंबून लोक मशिनरी घेतात, हात पोळून घेतात आणि वर्षभरात शटर खाली ओढतात. मी तेल रिफायनरीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, नंतर एका छोट्या बायोडिझेल प्लांटवर होतो, त्यामुळे हे बाहेरून बघून बोलत नाहीये.

आधी टाकाऊ तेल म्हणजे काय ते बघू, कारण लोकांच्या डोळ्यासमोर तळणीचं काळं तेल येतं पण शेतमालाच्या प्रोसेसिंगमध्ये निघणारा माल त्याहून खूप वेगवेगळा असतो. कच्चं तेल रिफायनरीत आलं की त्यातलं आम्ल काढायला कॉस्टिक मारतात, त्यातून जो चिकट तपकिरी साबणाचा लगदा बाहेर पडतो तो सोपस्टॉक. त्यात जवळजवळ निम्मं पाणी, बाकी साबण, थोडं चांगलं तेल आणि गोंदासारखे फॉस्फरसवाले पदार्थ. ह्याच सोपस्टॉकला सल्फ्युरिक ॲसिड घालून शिजवलं की साबण फुटतो आणि वर ॲसिड ऑइल तरंगतं. मग तेलाचा वास काढताना वाफेबरोबर उडून येणारं डिस्टिलेट, पामच्या बाबतीत ह्यात ८० टक्क्यांच्या वर नुसतं फॅटी ॲसिडच असतं. तेलाचा रंग काढायला जी माती वापरतात ती वापरून झाली की तिच्या वजनाच्या २० ते ४० टक्के तेल तिच्यातच अडकून बसतं. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांत उरलेल्या पातळ चोथ्यातून मक्याचं तेल निघतं. पाम मिलच्या सांडपाण्यावरची साय, ऑलिव्हचा चोथा, खवट झालेला भाताचा कोंडा, भिजून बुरशी लागलेल्या तेलबिया, कॉफीचा उरलेला चोथा, यादी लांब आहे, सगळी देत बसत नाही.

आता हे सगळं एकाच नावाखाली घातलं की गोंधळ सुरू होतो. ह्यातल्या प्रत्येकाचं दुखणं मात्र एकच, ते म्हणजे फ्री फॅटी ॲसिड, लॅबमध्ये आम्ही नुसतं एफएफए म्हणायचो, आणि त्याच्या जोडीला पाणी. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला फॅटी ॲसिडचे तीन हात जोडलेले असं समजा. बायोडिझेल करताना मिथेनॉल येतं, एकेक हात सोडवून घेतं, आपण त्याला चिकटतं आणि कणा म्हणजे ग्लिसरीन मोकळं होऊन खाली बसतं. कॉस्टिक इथे फक्त हे काम लवकर व्हावं म्हणून असतं. पण तेल जुनं झालं, ओलं राहिलं, बुरशी किंवा एन्झाइमच्या तावडीत सापडलं की हे हात आधीच तुटून सुटे फिरत असतात. अशा तेलात कॉस्टिक टाकलं की ते मिथेनॉलकडे बघतच नाही, पहिल्यांदा सुट्या ॲसिडला धरतं आणि साबण करतं, वर पाणीही तयार करतं, ते पाणी आणखी तेल फोडतं, आणखी साबण. म्हणजे ज्या कॉस्टिकच्या जोरावर डिझेल व्हायचं तेच साबणात खर्च होऊन जातं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. प्लांटवर ॲसिड ऑइलचे ड्रम आले होते, देणाऱ्याने सांगितलं साधं जुनं तेल आहे, आणि डिलिव्हरीची घाई म्हणून लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता बॅच लावली गेली. पहिली वीस मिनिटं सगळं ठीक, मग ढवळणाऱ्या मोटरचा आवाज बदलला, जड झाला, काचेतून बघितलं तर आत पातळ तेलाच्या जागी कस्टर्डसारखं काहीतरी फिरत होतं. मोटर बंद केली. तासाभराने व्हॉल्व्ह उघडला तर काहीच येईना, आत सगळं थिजून गेलं होतं. पुढचे दोन दिवस आम्ही वरचं झाकण काढून फावड्याने तो साबण उपसत होतो, मिथेनॉलचा वास डोक्यात जाऊ नये म्हणून एकेक जण दहा मिनिटं आत काम करून बाहेर येत होता, आणि आज विचार केला तर तेवढंही करायला नको होतं, तो धोका घ्यायलाच नको होता. एका टेस्टने हे वाचलं असतं. ती टेस्ट करायला पाच मिनिटं लागतात.

ती टेस्ट इथे लिहितो कारण तुमच्या लेखात तिचा उल्लेख नव्हता आणि मला वाटतं सगळ्यात आधी तीच छापायला पाहिजे होती. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवायचा. छोट्या चंबूत १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, त्यात तपासायचं तेल १ मिली, आणि फिनॉल्फथॅलीनचे, म्हणजे ॲसिड संपलं की गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे, दोन-तीन थेंब. मग ब्यूरेटमधून म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून किंवा साध्या सिरिंजमधून कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोडत चंबू हलवत राहायचा. थेंब पडला की तिथे गुलाबी दिसतं आणि हलवलं की जातं, पुन्हा थेंब, पुन्हा जातं, आणि एक वेळ अशी येते की गुलाबी रंग दहा-पंधरा सेकंद टिकतो. तिथे थांबायचं आणि किती मिली लागलं ते लिहून ठेवायचं. एक मिली म्हणजे साधारण पाऊण टक्का एफएफए असं धरा. दोन-तीन मिलीत गुलाबी आलं तर कॉस्टिकची सरळ पद्धत चालेल, जितके मिली लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे जास्तीचा घालायचा एवढंच. दहा मिलीच्या पुढे गेलात तर कॉस्टिकचा डबा बाजूला ठेवा. आमच्या त्या ड्रममधलं तेल नंतर तपासलं तेव्हा अख्खी सिरिंज संपली तरी गुलाबी यायचं नाव नव्हतं.

पाण्याची टेस्ट तर ह्याहून सोपी, लोखंडी पळीत थोडं तेल घेऊन तापवायचं, तडतड आवाज आला, बुडबुडे फुटले की पाणी आहे. मग ते तेल ६० अंशापर्यंत गरम करून रात्रभर उभं ठेवायचं आणि सकाळी खालून पाणी आणि साका काढून टाकायचा, पुन्हा पळीत तपासायचं. पण साबण असलेल्या तेलात पाणी असं सरळ खाली बसत नाही, ते तेलात मिसळून राहतं, म्हणून सोपस्टॉक तसाच वापरायच्या भानगडीत पडू नये, आधी त्याचं ॲसिड ऑइल करून घ्यावं.

बरं एफएफए जास्त आहे म्हणजे ते तेल फेकून द्यायचं का, तर मुळीच नाही. सुट्या फॅटी ॲसिडचंही बायोडिझेल होतं, फक्त रस्ता वेगळा. कॉस्टिकच्या ऐवजी सल्फ्युरिक ॲसिड वापरून आधी त्या सुट्या ॲसिडला मिथेनॉल जोडायचं, एफएफए एक टक्क्याच्या खाली आणायचं आणि मग नेहमीची कॉस्टिकची स्टेप. पुस्तकी हिशोब असा की दर एक ग्रॅम फ्री फॅटी ॲसिडमागे २.२५ ग्रॅम मिथेनॉल आणि ०.०५ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड. आता १०० किलो तेलात २० टक्के एफएफए असेल तर मांडून बघा, ४५ किलो मिथेनॉल आणि एक किलो ॲसिड, हे फक्त पहिल्या स्टेपला! त्यातलं प्रत्यक्षात वापरलं जातं फार थोडं, बाकीचं पाणी पिऊन वर येतं, कारण ह्या स्टेपमध्ये पाणी तयार होतं आणि ते मिथेनॉलमध्ये जाऊन बसतं. ते ओलं मिथेनॉल परत वापरायचं असेल तर डिस्टिलेशन कॉलम पाहिजे. लेखात रिॲक्टरचा फोटो होता, मोटर होती, हीटर होता, कॉलम कुठे दिसला नाही. ज्याच्याकडे मिथेनॉल परत मिळवायची सोय नाही त्याने जास्त एफएफएच्या तेलाला हात लावू नये हे मी अगदी ठामपणे सांगतो, कारण ते मिथेनॉल एकतर हवेत जाणार नाहीतर गटारात, आणि दोन्ही वाईट.

दुसरा एक रस्ता मला जास्त आवडतो पण त्याच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. बायोडिझेल करताना जे ग्लिसरीन निघतं तेच परत ह्या खराब तेलात घालून साधारण २०० अंशावर काही तास तापवायचं. सुटे फॅटी ॲसिड परत ग्लिसरीनच्या कण्याला जाऊन चिकटतात, पाणी वाफ होऊन निघून जातं, एफएफए खाली येतं आणि मिथेनॉल लागत नाही, सल्फ्युरिक ॲसिडही लागत नाही. तुटलेले हात परत जोडल्यासारखंच आहे. वेळ लागतो, उष्णता लागते, हवा आत जाऊ न देता काम करावं लागतं, पण ज्या कारखान्यात स्टीम किंवा थर्मिक फ्लुइडची (उष्णता वाहून नेणाऱ्या गरम तेलाची) सोय आधीच आहे त्यांना हे जमण्यासारखं आहे. लायपेज म्हणजे तेलाचे हात तोडणाऱ्या-जोडणाऱ्या एन्झाइमचाही रस्ता आहे, त्याला एफएफए आणि थोडं पाणी दोन्ही चालतं, पण काम सावकाश होतं आणि मिथेनॉल एकदम ओतलं तर एन्झाइम मरतं म्हणून ते टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं. आणि मोठ्या रिफायनऱ्या हायड्रोजनच्या दाबाखाली टाकाऊ तेलातला ऑक्सिजनच काढून टाकतात, त्यातून निघणारा माल अगदी डिझेलसारखाच असतो, पण तो दाब आणि तो हायड्रोजन छोट्या माणसाचं काम नाही.

पण साहेब, माझा खरा मुद्दा ह्या सगळ्याच्या आधीचा आहे. हे सगळे उपाय म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. तेल खराब झालं कुठे? पिंपात झालं. भाताच्या कोंड्याचंच घ्या. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं, आणि तांदूळ पॉलिश करताना कोंडा सुटा झाला की त्याच क्षणी त्यातलं लायपेज एन्झाइम तेलापर्यंत पोचतं आणि तोडायला सुरुवात करतं. दाण्यात असताना दोघं वेगवेगळ्या कप्प्यात होते, गिरणीने मधली भिंत पाडली. दमट हवेत पोतं चार दिवस पडून राहिलं तर त्याचं तेल खायच्या लायकीचं राहत नाही. पण हाच कोंडा निघाल्या निघाल्या वाफेने किंवा एक्स्ट्रूडरमधून गरम केला तर एन्झाइम निकामी होतं आणि तेल टिकतं, मग ते खायच्या कामाला जातं. आणि मला वाटतं ते तिकडेच जावं. जे तेल माणसाच्या पोटात जाऊ शकतं ते इंजिनात घालायला मी तयार नाही, आणि इंधन मिळावं म्हणून माल मुद्दाम खराब होऊ देणं हे तर पापच म्हणेन.

खायच्या लायकीचं नसलेलं जे उरतं, सोपस्टॉक, मातीतलं तेल, सांडपाण्यावरची साय, त्याला मात्र कचरा म्हणून वागवणं थांबलं पाहिजे. मी कितीतरी कारखान्यांच्या मागच्या बाजूला बघितलंय, ॲसिड ऑइलचे ड्रम झाकण नसलेले, पावसाचं पाणी आत, वरून पालापाचोळा, तळाला हातभर साका, आणि कुठल्या ड्रममध्ये काय आणि कधीचं आहे ते कोणालाच माहीत नाही. आठवडाभराचा माल आणि वर्षभराचा माल एकाच टाकीत ओततात. एक खराब ड्रम दहा बऱ्या ड्रमचा सत्यानाश करतो. ह्याच लोकांना नंतर वाटतं की बायोडिझेलवाला भाव पाडून मागतो. अहो तो काय करणार, त्याला माहीत नाही आत काय आहे, तो सगळ्यात वाईट धरूनच चालणार.

रंग काढायच्या मातीबद्दल तर वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. वापरलेली माती म्हणजे बारीक कण, प्रत्येक कणावर तेलाचा पातळ थर, म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत आतल्या आत तापत जातं आणि ढीग कोणी काडी न लावता पेटतो. मी एकदा संध्याकाळी अशा ढिगाजवळून जाताना बूट गरम लागला म्हणून थांबलो, काठीने उकरलं तर आतून धूर निघाला. वरून शांत, राखाडी ढीग होता. हेक्सेनसारख्या सॉल्व्हंटने ह्या मातीतलं तेल काढता येतं आणि ते बायोडिझेलला चालतं, पण ते काम ताज्या मातीत करायचं, महिनाभर ढिगात तापलेल्या मातीतलं तेल म्हणजे निम्मं डांबर झालेलं असतं.

आणि एक, वास काढताना मिळणारं डिस्टिलेट सरसकट जाळायला काढू नका. सोयाबीन, सूर्यफूल ह्यांच्या डिस्टिलेटमध्ये टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉल असतात, त्यांची किंमत इंधनापेक्षा कितीतरी जास्त. ते काढून झाल्यावर जे फॅटी ॲसिड उरतं त्याचं खुशाल बायोडिझेल करा.

काही वाचकांना वाटेल एवढा खटाटोप कशाला, तेल तसंच इंजिनात टाकलं तर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि लगेच १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनाचा दाखला देतात. खरं आहे, तिथे ऑटो नावाच्या कंपनीने एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण प्रदर्शनात चालवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं रोज आठ तास पंप ओढणं वेगळं. वनस्पती तेल ४० अंशाला डिझेलच्या दहापट तरी घट्ट असतं, इंजेक्टरमधून त्याचा नीट फवारा होत नाही, थेंब जाड पडतात, अर्धवट जळतात, नोझलवर कोळसा धरतो, रिंगा चिकटतात, आणि न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करून टाकतं. ह्याच्यावरच उपाय म्हणून बेल्जियमच्या शाव्हान ह्यांनी १९३७ मध्ये तेलाची अल्कोहोलशी क्रिया करून इंधन करायचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी ब्रुसेल्स ते लुव्हेन मार्गावर पामतेलाच्या अशा इंधनावर बस चालली. बायोडिझेलची कल्पना इतकी जुनी आहे.

तयार माल चांगला झालाय की नाही हे कळायला पूर्ण तपासणी लॅबमध्येच करावी लागते. युरोपच्या ईएन १४२१४ ह्या बायोडिझेलच्या मानकात एस्टर (म्हणजे मिथेनॉल जोडलेलं फॅटी ॲसिड, खरं बायोडिझेल तेच) कमीत कमी ९६.५ टक्के, पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत, ॲसिड व्हॅल्यू ०.५ च्या आत असं बरंच काही आहे. पण रोजच्या बॅचसाठी एक साधी टेस्ट आहे जी मी कोणालाही पाच मिनिटांत शिकवतो, २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून बाटली जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, तेल विरघळत नाही. बाटलीत सगळं स्वच्छ राहिलं तर ठीक, तळाशी तेलाचा छोटासा मणी जरी जमला तरी क्रिया अर्धवट राहिली आहे. अर्धवट तुटलेलं तेल मात्र ह्या टेस्टमध्ये निसटून जाऊ शकतं, त्यामुळे ही टेस्ट पास म्हणजे विकायला मोकळे असं समजू नये. टाकाऊ तेलात सल्फर आणि फॉस्फरसही येतो, विशेषतः सोपस्टॉकमधून, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शेवटी तयार बायोडिझेलच डिस्टिल करून घेतात, रंग पाण्यासारखा येतो आणि घाण मागे राहते. खर्च आहे पण टाकाऊ मालाला तो बहुतेक वेळा करावाच लागतो.

पहिल्यांदा वापरणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवतं, मग तो फिल्टरमध्ये अडकतो आणि लोक म्हणतात बायोडिझेल खराब. सुरुवातीला एक-दोन फिल्टर बदलायची तयारी ठेवा, जुने नैसर्गिक रबराचे पाइप असतील तर बदला, तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नका. पाममधलं बायोडिझेल १५ अंशाच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या जवळ, म्हणून थंडीत कुठल्या तेलापासून केलंय ते माहीत पाहिजे.

मिथेनॉलबद्दल लेखात एकच ओळ होती, सावध राहा म्हणून. एवढ्याने भागत नाही हो. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं आणि आपण ६० अंशावर काम करतो, म्हणजे थर्मामीटर पाच अंश चुकला की रिॲक्टरमध्ये वाफ. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, माणसाला चटका बसेपर्यंत आग लागलीय हेच कळत नाही. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि ते दिसतं पाण्यासारखं. लेबल नसलेल्या कॅनमध्ये मिथेनॉल ठेवणं मी गुन्हाच मानतो. घराच्या मागे, स्वयंपाकघरात, मुलांच्या समोर बायोडिझेल करायचे प्रयोग करू नका हे तुम्ही ठळक छापायला पाहिजे. उघडी ज्योत नको, साधं स्विच नको, हवा खेळती पाहिजे, वाफ थंड करून परत खाली आणणारा कंडेन्सर पाहिजे.

खाली उरणाऱ्या ग्लिसरीनचंही तसंच. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो निघतं, त्यात मिथेनॉल, साबण आणि कॉस्टिक मिसळलेलं असतं, ओढ्यात सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन मासे मारतं. मिथेनॉल काढून घेतलं की तेच ग्लिसरीन थोडं थोडं करून बायोगॅसच्या टाकीत घातलं तर गॅस चांगला वाढतो, एकदम घातलं तर टाकी आंबते आणि बंद पडते.

आता शेवटी प्रमाणाबद्दल, कारण लेखाच्या मथळ्यातच होतं की ह्याने डिझेलचा प्रश्न सुटेल. जगात वर्षाला सगळ्या प्रकारचं मिळून वनस्पती तेल २० कोटी टनांच्या वर तयार होतं, आणि खनिज तेल खपतं ४०० कोटी टनांच्या वर. म्हणजे माणसाच्या ताटातलं सगळं तेल इंजिनात ओतलं तरी वीसातला एखादा भाग होईल, मग रिफायनरीतून सुटणाऱ्या टाकाऊ भागाचं काय घेऊन बसलात. हा आकडा बघून मी निराश होत नाही. ज्या मिलमधून हा माल निघतो तिथलाच बॉयलर, तिथलेच ट्रक, आजूबाजूचे पंप आणि ट्रॅक्टर ह्यांना त्यातून इंधन मिळालं तर तो माल ओढ्यात जायचा थांबतो आणि तेवढं डिझेल वाचतं, मला तेवढं पुरेसं मोठं वाटतं. पण मोठी स्वप्नं दाखवली की काय होतं बघा, टाकाऊ तेलाच्या इंधनाला युरोपात अक्षय इंधनाच्या टार्गेटमध्ये दुप्पट मोजायची सवलत मिळाली, आणि त्याबरोबर चांगलं तेल टाकाऊ म्हणून दाखवायचा मोहही आला. कागदावर टाकाऊ आणि टाकीत ताजं. ह्याला आळा घालायचा तर माल कुठून निघाला, कधी निघाला, किती निघाला ह्याची नोंद त्याच पिंपापासून सुरू व्हायला पाहिजे.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती की ह्या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा रिॲक्टरच्या फोटोबरोबर ती गुलाबी रंगाची टेस्ट छापा, आणि मिलवाल्यांसाठी चार ओळी, की ड्रमला झाकण लावा, तो पावसात ठेवू नका, तळाचं पाणी आठवड्याला काढा, आणि खडूने त्याच्यावर लिहा की आत काय आहे आणि कुठल्या तारखेला भरलंय. कोणाला ती टेस्ट प्रत्यक्ष शिकायची असेल तर मी शिकवायला तयार आहे, तुमच्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा.

आपला,
तेल रिफायनरीच्या लॅबमध्ये काम केलेला एक वाचक